मणक्याभोवतीची रेघ

“स्तनाचा जुना आजार पाठीच्या मणक्यात आलाय,” डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला.

खोलीत आम्ही तिघं होतो. व्हीलचेअरवर माझी बायको सुलभा, तिच्या मागं आमचा मुलगा नितीन, आणि खुर्चीत मी. सहा वर्षांपूर्वी सुलभाचं ऑपरेशन झालं होतं, केमोथेरपी झाली होती, केस जाऊन परत आले होते. तो विषय संपला असं आम्ही धरून चाललो होतो.

डॉ. श्रीवल्ली या रेडिएशनच्या डॉक्टर. त्यांनी ‘मेटॅस्टॅसिस’ हा शब्द वापरला. म्हणजे आजारानं मूळ जागा सोडून शरीरात दुसरीकडे बस्तान मांडणं. “एकाच मणक्यात असेल तर आपण किरणांनी नेमका तेवढाच भाग जाळू शकतो,” त्या म्हणाल्या. “पण त्याच्या खालचा मणकाही मला बरोबर वाटत नाही. म्हणून विचारते, यांना पूर्वी कधी पाठीला मार लागला होता का? पडणं, अपघात, काही?”

प्रश्न सुलभाला होता. उत्तर मी दिलं.

“नाही.”

सुलभानं माझ्याकडे पाहिलं नाही. ती भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिली. डॉक्टरांनी माझं उत्तर टाइप केलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

खरं उत्तर ‘होय’ होतं. मार लागला होता, आणि माझ्यामुळे लागला होता. ज्यांच्या घरी असा आजार येईल त्यांना बाकीची माहिती डॉक्टर देतीलच. मी हे लिहितोय ते त्या एका ‘नाही’साठी.

मी रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. पूल, यार्ड, नाले यांचे नकाशे काढण्यात सगळी नोकरी गेली. आमचं घराणं मूळ नांदेडकडचं, पण तीन पिढ्या हैदराबादेत, आणि राहायला तारनाक्याला. अकरा वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनची तारीख ठरली होती. नितीननं बजावलं होतं, “बाबा, ऑपरेशन होईपर्यंत स्कूटरला हात लावायचा नाही.” मी ‘बरं’ म्हणालो. किल्ली त्यानं स्वतःकडे ठेवली. दुसरी किल्ली माझ्या टेबलाच्या खणात आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी हिमायतनगरला आमच्या मराठी मंडळाच्या नाटकाची तालीम होती. मुख्य भूमिका माझी, निदान माझ्या मते मुख्य. रिक्षा मिळेना, आणि वेळेवर पोचण्याचं मला वेड आहे. सुलभा म्हणाली, “अहो, थांबा ना जरा. येईल की पुढची रिक्षा.” मी ऐकलं नाही. स्कूटर काढली. ती मागं एका बाजूला पाय सोडून बसली, मांडीवर सगळ्यांसाठी चकल्यांचा डबा. बरकतपुऱ्याच्या अलीकडे मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत आलं. मोतीबिंदूत असं ऊन आलं की समोरचं सगळं दुधासारखं पांढरं होतं. पुढे स्पीडब्रेकर आहे हे मला स्कूटर उडाल्यावर कळलं. मी हँडल धरून राहिलो. सुलभा वर उडाली आणि बसल्या स्थितीत रस्त्यावर आपटली.

“चकल्या मोडल्या का हो?” हे तिचं पहिलं वाक्य. दुसरं बोलायला तिला श्वास पुरला नाही.

मी तिला रेल्वेच्या दवाखान्यात नेलं नाही. तिथं सगळे ओळखीचे. दुसऱ्या दिवशी नामपल्लीतल्या एका गल्लीत, आम्हाला कुणी ओळखणार नाही अशा ठिकाणी, एक्स-रे काढला. तिथले डॉक्टर म्हणाले, मणका पुढच्या बाजूनं चेपलाय, पाचरीसारखा झालाय, सहा आठवडे झोपून राहा. शेजाऱ्यांना, सुलभाच्या भावाला, नितीनला, सगळ्यांना मी एकच सांगितलं, कंबरेत उसण भरली. सुलभाही तेच सांगू लागली. सहा आठवड्यांची उसण कुणी ऐकली आहे का? पण नवरा-बायको दोघं एकच सांगत असले की लोक फार खोलात शिरत नाहीत.

एक्स-रेच्या फिल्मचं काय केलं तेही सांगतो. नंतर केव्हातरी सूर्यग्रहण आलं. ग्रहण बघायला कॉलनीतले लोक जुन्या फिल्म शोधत होते. मी उत्साहानं कात्री घेतली, पट्टी लावून सारखे चौकोन कापले आणि वाटून टाकले. अशा फिल्ममधून सूर्य बघितला तर डोळ्यांना इजा होते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ती फिल्म घरातून गेली याचा आनंद मात्र मला झाला होता, हे मला अजून आठवतं.

यंदा सुलभाची पाठ पुन्हा दुखू लागली, तेव्हा मला वाटलं, जुनंच दुखणं डोकं वर काढतंय. म्हणून मी तिला डॉक्टरकडे नेलं नाही. पाठीचा फोटो काढला की जुनं प्रकरण निघणार, या भीतीनं मी दोन महिने तिला तेल चोळलं, शेक दिला आणि उपदेश केला. “चालत जा जरा. बसून बसून पाठ धरते.” ती बिचारी रोज सकाळी चालायला जायची आणि भिंतीला हात लावत परत यायची. कॅन्सर होऊन गेलेल्या बाईची पाठ आठवड्यापेक्षा जास्त दुखली तर लगेच दाखवायचं असतं. हे तिच्या जुन्या फाइलमध्ये लिहिलेलं होतं. मी ती फाइल उघडलीच नाही.

शेवटी एक दिवस भाजी घेऊन येताना तिच्या पायातली चप्पल निसटली आणि तिला कळलंच नाही. ती एका पायानं अनवाणी चालत राहिली. मागून एक रिक्षावाला चप्पल घेऊन आला. “चाचा, चाची को मालूमच नै पड्या. दवाखाने कू लेको जाव, देर नक्को करो,” तो म्हणाला. जे मला कळायला हवं होतं ते त्याला एका नजरेत कळलं.

मग एमआरआय झाला. त्या नळीसारख्या यंत्रात सुलभा पाऊण तास पडून होती आणि मी बाहेर तिच्या बांगड्या हातात धरून बसलो होतो. रिपोर्टमध्ये वरच्या मणक्यात गाठ आहे, असं स्पष्ट लिहिलं होतं. ती मागं मज्जारज्जूच्या, म्हणजे मणक्यांच्या आतून जाणाऱ्या मुख्य नसेच्या, जवळ आली होती. म्हणूनच पाय बधिर होत होते. खालच्या मणक्याबद्दल एक वाक्य होतं. हा बदल आजाराचा असू शकतो किंवा जुन्या दुखापतीचा, रुग्णाच्या पूर्वेतिहासाशी पडताळून पाहावे.

पूर्वेतिहास मी कापून वाटून टाकला होता.

हाच रिपोर्ट बघून डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला होता. त्यानंतर पेट स्कॅन. यात शिरेतून औषध देतात आणि जिथं आजार असेल ती जागा चित्रात उजळ दिसते. वरचा मणका झगझगीत दिसला. खालचा मणका किंचित उजळला, धड ‘होय’ नाही, धड ‘नाही’ही नाही. डॉ. श्रीवल्ली म्हणाल्या, “सुई घालून खालच्या मणक्याचा तुकडा तपासता येईल. पण त्यात दिवस जातील आणि पायांचा बधिरपणा तोवर थांबणार नाही. दुखापत झालेली नाही म्हणताय, मग मी तो आजारच धरते. दोन्ही मणके घेऊ.”

मी मान डोलावली. आता ते आठवलं की स्वतःची शिसारी येते.

उपचाराचं नाव एसबीआरटी. नेहमीच्या रेडिएशनमध्ये थोडे थोडे किरण बरेच दिवस देतात. यात मोजक्या दिवसांत फार जोरदार किरण अगदी नेमक्या जागी देतात. त्याआधी ‘सिम्युलेशन’ असतं, म्हणजे रंगीत तालीम. सुलभाला एका मऊ गादीवर झोपवलं, गादीतली हवा ओढून घेतली आणि तिच्या पाठीचा साचा तयार झाला. उपचाराच्या वेळी दर दिवशी त्याच साच्यात, त्याच स्थितीत झोपायचं. टेक्निशियन बाई काचेपलीकडून सांगत होत्या, “अम्मा, कदलोद्दु.” हलू नका. चार दशकं तारनाक्याच्या बाजारात भाजी घेतलेल्या सुलभाला तेवढं तेलुगू सहज कळतं. ती हलली नाही.

पुढची पायरी ‘कॉन्टूरिंग’. म्हणजे चित्रातल्या गाठीभोवती आणि वाचवायच्या अवयवांभोवती रेघ काढणं. रेघेच्या आत किरण, बाहेर शक्य तितके कमी. “तुम्ही काय करत होता?” डॉक्टरांनी सहज विचारलं. ड्राफ्ट्समन म्हटल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मग या, तुम्हाला आमचं ड्रॉइंग ऑफिस दाखवते.”

ती खोली थंड होती. दोन मोठे पडदे. सुलभाची पाठ काकडीच्या चकत्यांसारखी पातळ कापांमध्ये दिसत होती. डॉक्टरांनी एक बटण दाबलं आणि सॉफ्टवेअरनं बघता बघता रेघा काढल्या. मज्जारज्जू पिवळा, मूत्रपिंडं हिरवी, प्रत्येक मणक्याला वेगळा रंग. आमच्याकडे असं काम करायला माणसाचा आठवडा गेला असता. मी तसं बोललो.

“वेळ वाचतो,” त्या म्हणाल्या. “पण ही फक्त पहिली रेघ. प्रत्येक काप मी स्वतः बघते, दुरुस्त करते. मग दुसरे डॉक्टर तपासतात.” मला बरं वाटलं. आमच्याही प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात दोन सह्या असायच्या, काढणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची.

मग त्यांनी बाजूनं दिसणारं चित्र लावलं. “हे बघा, इथं सॉफ्टवेअर चुकलं.” खालच्या मणक्याभोवतीची रेघ हाडाच्या पुढे रिकाम्या जागेत गेली होती. “त्यानं धडधाकट मणके खूप पाहिलेत, चेपलेले कमी. म्हणून त्याला वाटलं हाड इथपर्यंत असणार. खरं हाड पुढून असं बसलंय.” त्यांनी माउसनं रेघ मागं ओढली आणि हाडाला चिकटवली.

पाचर. पुढून बारीक, मागून जाड. नामपल्लीच्या गल्लीत ट्यूबलाइटसमोर धरलेल्या फिल्ममध्ये मी हाच आकार पाहिला होता. आकार विसरणं माझ्या धंद्यात बसत नाही.

“हा मणका घेण्यात धोका आहे का?” मी विचारलं.

“आहे. आधीच चेपलेल्या हाडाला एवढे जोरदार किरण दिले तर ते आणखी खचू शकतं. खचून मागं सरकलं तर मज्जारज्जूवर दाब. पण आत आजार असेल आणि तो सोडला, तर तो वाढेल. म्हणून घ्यावाच लागेल.” मग म्हणाल्या, “शुक्रवारी प्लॅन पक्का करू. सोमवारपासून उपचार.”

तो मंगळवार होता. मी आभार मानले आणि बाहेर आलो.

नोकरीत असताना एकदा मी हाताखालच्या एका मुलीला सगळ्यांसमोर झापलं होतं. तिनं नकाशात रुळांखालची एक जुनी, बुजलेली मोरी दाखवली नव्हती. “जमिनीखाली काय आहे ते तू सांगितलं नाहीस तर वर बांधणाऱ्याला कसं कळणार?” असं मी ओरडलो होतो. ती रडली होती. मंगळवारी घरी येताना बसमध्ये तीच मुलगी डोळ्यांसमोर येत राहिली.

तरीही मंगळवार गेला आणि बुधवारही गेला. मी स्वतःला काय काय सांगितलं! डॉक्टर हुशार आहेत, त्यांना कळेलच. अकरा वर्षांत हाड भरलंच असेल. नितीनला आत्ता आणखी ताण नको. हे शेवटचं तर मला फारच पटलं होतं. खरं एवढंच होतं की मुलाच्या नजरेतून उतरायची मला भीती वाटत होती, आणि त्या भीतीपुढे मी सुलभाचे पाय पणाला लावले होते. हे मी आज लिहू शकतो. तेव्हा मनातही म्हणू शकलो नाही.

गुरुवारी सकाळी सुलभाला न्हाणीघरात नेताना तिचा डावा पाय उंबऱ्याला अडला. तिनं दोन्ही हातांनी माझा दंड धरला आणि म्हणाली, “धरलंय ना तुम्ही?”

मी तिला परत पलंगावर बसवलं, शेजारच्या वहिनींना तिच्याजवळ बसायला सांगितलं आणि तसाच हॉस्पिटलला गेलो. टोकन घेतलं. दोन तास बसलो. नंबर आल्यावर उभ्यानंच सगळं सांगितलं, मोतीबिंदूपासून नामपल्लीपर्यंत.

मला वाटलं होतं, डॉक्टर चिडतील. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “फिल्म आहे?”

मी ग्रहणाची गोष्ट सांगितली. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “सॉफ्टवेअरला मी दाखवलेली चित्रं कळतात. मलाही चित्रंच कळतात. बाकीचं घरच्यांनी सांगायचं असतं,” त्या म्हणाल्या. “जुनी फिल्म असती तर आकार ताडून पाहता आला असता. नुसत्या आठवणीवर मी मणका सोडू शकत नाही. घरी शोधा. संध्याकाळपर्यंत आहे मी.”

घरी आलो. वहिनी गेल्या. मी सुलभाला सांगितलं, डॉक्टरांना खरं सांगून आलो, पण फिल्म मीच कापली.

“कपाटात खालच्या कप्प्यात बघा,” ती म्हणाली. “पैठणीच्या खाली वर्तमानपत्र आहे, त्याच्याखाली.”

खाकी लिफाफा होता. आत बाजूनं काढलेली फिल्म, शाबूत. लिफाफ्यावर तिच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘पाठ. जपून ठेवणे.’

“दोन फिल्म होत्या. एक तुम्ही कापलीत,” ती म्हणाली. “पुढेमागे दुखलं तर लागेल म्हणून ही मी उचलून ठेवली.”

आणि मी चिडलो. विश्वास ठेवा, मी चिडलो! “मग डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बोलली का नाहीस? मणका तुझा आहे!”

“तुम्ही नाही म्हणालात. नितीन मागं उभा होता. मग मी होय कसं म्हणायचं?”

ती हे अगदी साधेपणानं म्हणाली. मला खोटं पडू देण्यापेक्षा तिनं चांगला नसलेला, पण रोगीही नसलेला मणका जाळून घेतला असता. अकरा वर्षं मी तिला माझं खोटं बोलायला लावत होतो, आणि ती नीट शिकली होती. मी रडलो. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. पाठ तिची दुखत होती.

संध्याकाळी डॉ. श्रीवल्लींनी फिल्म उजेडावर लावली आणि शेजारी पडद्यावर नवं चित्र. दोन्ही पाचरी बारकाईनं मोजल्या. अकरा वर्षांत आकार बदललेला नव्हता. दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, एमआरआय करणाऱ्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्या. मग खुर्चीत बसून त्यांनी खालच्या मणक्याची लाल रेघ पुसली. “आजार दिसत नाही. जुनं मोडलेलं हाड आहे. याला नुसतं लक्षात ठेवू, दर वेळी तपासू.” वरच्या मणक्याची रेघ त्या कापामागून काप नव्यानं बघू लागल्या. त्या कामाला आणखी एक दिवस गेला, आणि उपचार मंगळवारी सुरू झाले. माझ्यामुळे त्यांचं किती काम वाया गेलं, यावर त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

तीन बैठका झाल्या. दर वेळी आधी साच्यात झोपवून छोटा स्कॅन, चित्र जुळलं की मगच किरण. काही दुखत नाही, काही दिसत नाही, यंत्र फक्त भोवती फिरतं. नंतर दोन-तीन दिवस पाठ जास्त दुखली, मळमळलं. ते होणार हे त्यांनी आधी सांगितलं होतं. पायांचा बधिरपणा हळूहळू ओसरला.

नितीनला मी पहिल्या बैठकीच्या वेळी सांगितलं, बाहेर बाकावर.

“सीरियसली, बाबा? इलेव्हन इयर्स?” तो म्हणाला. मग पुढे म्हणाला, “मी तेव्हा आईला चिडवायचो. म्हणायचो, उसणीचं निमित्त करून मस्त आराम चाललाय. ती हसायची.” तो पाणी आणतो म्हणून उठला आणि आई बाहेर येईपर्यंत परत आला नाही. तो आता बोलतो माझ्याशी, नीट बोलतो. पण मी काही सांगितलं की क्षणभर आईकडे बघतो, खरं आहे का म्हणून. ते मी कमावलंय.

परवा तीन महिन्यांची तपासणी होती. सुलभा काठी घेऊन चालते, चप्पल निसटली तर तिला कळतं. वरच्या मणक्यातली गाठ शांत आहे. खालचा मणका आहे तसा आहे. पुढे काय, ते डॉक्टरही सांगत नाहीत आणि आम्हीही विचारत नाही. तपासणी आली की जायचं. डॉ. श्रीवल्ली, त्या टेक्निशियन बाई, चप्पल आणून देणारा रिक्षावाला, यांचे उपकार फिटायचे नाहीत. आणि तुमच्यापैकी कुणी उद्या अशा खोलीत बसाल, तर एक करा. प्रश्न ज्याला विचारलाय त्यालाच उत्तर देऊ द्या.

काउंटरवर नवा फॉर्म दिला होता. त्यात रकाना होता, ‘पूर्वीची दुखापत किंवा अपघात.’ मी तो नकाशावरच्या अक्षरांत भरला. ‘होय. स्कूटर. चालवणारा: पती. डोळ्यांत मोतीबिंदू असताना.’ आणि फॉर्म सुलभाला वाचायला दिला.

तिनं चष्मा लावून दोनदा वाचला.

“लिहिताय तर सगळं लिहा,” ती म्हणाली. “मी रिक्षासाठी थांबा म्हणाले होते.”

अकरा वर्षांत हे ती पहिल्यांदाच म्हणाली. रकान्यात जागा उरली नव्हती. मी समासात तेही लिहिलं.